पाणीटंचाई जाणवत नाही

माझ्या हातून आयुष्यात एकच वाक्य असं छापून आलं की जे गावोगावच्या मुलांनी पाठ केलं, आणि ते वाक्य खोटं होतं. मुद्दाम खोटं लिहिलं असतं तर लाज तरी वेळेवर वाटली असती. मी ते सातपूरच्या आमच्या घरात पंख्याखाली बसून, मोरीतल्या नळाला धो धो पाणी येत असताना, अगदी प्रामाणिकपणे लिहिलं. त्यामुळे पुढे राग आला तेव्हा तो कुणावर काढायचा हेच बरेच दिवस कळेना. आधी मुलांवर काढला, मग साहेबांवर, मग प्रकाशकावर. स्वतःची पाळी सगळ्यात शेवटी आली.

मी भूगोल शिकवते. वडील सातपूरला कारखान्यात लेथवर होते, पाळ्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या वसाहतीत पोरांनी शिकलंच पाहिजे हा नियम घरोघरी होता, पण वडिलांचं त्याच्याही पुढचं होतं. छापलेल्या कागदावर त्यांचा फार जीव. रस्त्यात पडलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा ते उचलून, झटकून, वाचून मग टाकायचे. गाइड छापणाऱ्या एका प्रकाशकाने मला प्रश्नोत्तरांची पुस्तिका लिहायला सांगितली, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. पुस्तिकेचं नाव होतं ‘भूमी, जल, वातावरण : नेहमी विचारले जाणारे शंभर प्रश्न’. वारा का वाहतो, ढग डोंगराला अडल्यावर काय होतं, माती कशी तयार होते, विहिरीत पाणी कुठून येतं, असे सगळे प्रश्न. प्रकाशकाची अट एकच होती : उत्तर पाठ करायला सोपं हवं, दोन ओळींच्या वर जाता कामा नये. मला ती अट फार आवडली होती. वर्गात मी ‘लिहून घ्या’ म्हटलं की पोरं माना खाली घालून भराभरा लिहून घ्यायची, आणि मला वाटायचं, चला, पोहोचलं ज्ञान.

सत्तेचाळिसावा प्रश्न असा होता : नाशिक जिल्ह्याच्या कोणत्या भागात पाणीटंचाई जाणवत नाही, व का? त्याखाली माझं उत्तर : जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाणीटंचाई जाणवत नाही, कारण तेथे भरपूर पाऊस पडतो. गुण दोन. एक भागाला, एक कारणाला.

आता कुणी म्हणेल, भूगोल शिकलेल्या बाईने असं कसं लिहिलं? सांगते. माझे मामा येवल्याचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे जायचो. टँकर आल्याची आरोळी झाली की मागावर बसलेला मामासुद्धा पैठणीचे धागे तसेच सोडून बादली घेऊन पळायचा. माझ्या डोक्यात टंचाई म्हणजे येवला, हे तेव्हापासून पक्कं, आणि पुस्तिकेत त्याआधीच्या प्रश्नाचं उत्तरही तेच : टंचाईचा भाग, येवला तालुका. आणि पश्चिमेकडे आम्ही जायचो ते पावसाळ्यात. सगळं नाशिक तेव्हाच जातं. धबधब्याखाली भिजायचं, भाजलेलं कणीस खायचं, धुक्यात फोटो काढायचे आणि घरी येऊन शेजाऱ्यांना सांगायचं, काय पाणी आहे हो तिकडे! एप्रिलमध्ये तिकडे कोण जातं? बघायला काय असतं तेव्हा? आम्हा नाशिककरांना आपल्याच जिल्ह्याची पश्चिम बाजू फक्त ओली माहीत आहे. त्या सहलींच्या जोरावर मी भूगोल लिहिला, आणि वडिलांनी त्या पुस्तिकेला खाकी कव्हर घालून ती भिंतीवरच्या फोटोंखाली फळीवर ठेवली.

पुढे माझी बदली झाली ती नेमकी पश्चिमेला. सातपूरहून रोज जाऊन-येऊन करायचे : घोटीपर्यंत एसटी, तिथून काळी-पिवळी जीप, आणि जीप जिथे सोडते तिथून चढाची पायवाट. वर डोंगराच्या अंगाला एक वाडी, आणि वाडीच्या टोकाला आमची शाळा. मोठ्या वर्गांना मी, धाकट्यांना एक गुरुजी. खिचडी शिजवायला वाडीतलीच एक बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. तिची मुलगी माझ्याकडे सातवीत होती.

पहिल्या पावसाळ्यात मी मनातल्या मनात स्वतःची पाठच थोपटली. पाऊस म्हणजे काय ते तिथे कळतं. खडू ओले होऊन फळ्यावर उमटत नव्हते. वह्यांना बुरशी यायची. पोरं वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी छातीशी धरून यायची. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, अर्धा वर्ग गायब. दिवसचे दिवस समोरचा डोंगर दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा, कारण त्याच्या अंगावरून पाणी धावत असायचं. मला सत्तेचाळिसाव्या प्रश्नाची आठवण झाली आणि बरं वाटलं. बघा, म्हटलं, भरपूर पाऊस.

दिवाळीनंतर डोंगरावरचं पाणी थांबलं. थंडीत ओढा बारीक झाला. पुढे विहिरीचा तळ दिसायला लागला, आणि तेव्हापासून मावशीची मुलगी रोज उशिरा येऊ लागली.

मला उशीर खपत नाही. कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेलं माणूस मी. मी तिला दारात उभं करायचे. तिला काही विचारण्याआधीच बोलायला सुरुवात करायचे. घरून निघायला काय होतं? बाकीचे येतात ना? ती खाली बघायची. हातात कापडाची चुंबळ असायची, डोक्यावर हंडा ठेवायला करतात ती, आणि खांद्यावरचा फ्रॉक ओला असायचा. मी ते बघायचे, पण मला ते दिसायचं नाही. ही गोष्ट मी आज इतक्या शांतपणे लिहितेय, पण त्या दिवसांची आठवण झाली की स्वतःचा कान धरून स्वतःलाच दारात उभं करावंसं वाटतं.

एक दिवस उजळणी चालली होती. शाळेच्या कपाटात त्या पुस्तिकेची एक कानकोपरे झिजलेली प्रत होती, आणि तिच्यावरून मुलांनी उत्तरं वहीत उतरवून घेतली होती. मी यायच्या आधीपासून. आतल्या पानावर बारीक अक्षरात माझं नाव होतं, ते कुणी वाचलेलं नव्हतं. मी विचारलं, जिल्ह्याच्या कोणत्या भागात पाणीटंचाई जाणवत नाही, व का? मावशीची मुलगी नुकतीच आली होती. केसांतून पाणी ओघळत होतं. ती दारातूनच हात वर करून, एका दमात म्हणाली, “जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाणीटंचाई जाणवत नाही, कारण तेथे भरपूर पाऊस पडतो.”

“शाब्बास,” मी म्हटलं. “बस.”

ती बसली. मग मला ऐकू आलं, ती काय बोलली ते. आणि मी कशाला शाब्बास म्हटलं ते. चुंबळ अजून तिच्या हातातच होती. मी तिला विचारलं, “अगं, तू आत्ता कुठून आलीस?”

“झिऱ्यावरनं.”

“मग पाणीटंचाई म्हणजे काय असतं, माहितीये का तुला?”

“हो बाई,” ती म्हणाली. “येवला तालुका.”

आणि मला पहिला राग आला तो त्या मुलांचा आला. इतकी कशी ही ठोंबी! डोक्यावर हंडा, आणि तोंडात हे वाक्य! ती मूर्ख नव्हती. वर्गात तिच्याइतकं भराभर कुणाचंच डोकं चालत नव्हतं. पण शाळेत जे विचारतात त्याचा आपल्या घराशी काही संबंध असतो, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? सांगायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले, आणि शाळा भरण्याआधी मावशीबरोबर झिऱ्यावर गेले. कोरड्या ओढ्याच्या पात्रात, काळ्या पाषाणाला जिथे एक फट होती तिथे, बायकांनी वाळू उकरून खड्डा केला होता. त्यात तळाशी ओंजळभर पाणी. करवंटीने ते अलगद हंड्यात भरायचं, गढूळ होऊ द्यायचं नाही, आणि पुन्हा ओंजळ साचेपर्यंत बसून राहायचं. बायकांची रांग सावलीच्या कडेकडेने बसलेली.

“एवढा पाऊस पडतो, मावशी,” मी म्हटलं. “जातो कुठं?”

“आमच्याकडं ऱ्हायला येतो व्हय त्यो?” मावशी म्हणाली. “वाटंनं जातो. ह्यो बगा दगूड. ह्याच्या अंगावर माती किती, बोटभर. खाली समदा पाषाण. पानी मुरंल कुटं? डोंगरावर पडलं की पळालं. सांजच्याला तिकडं.” तिने हनुवटीने खालच्या खोऱ्याकडे दाखवलं. तिथे धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. “आपल्याला दिसतंय, पन आपलं नाय. खाली उतरायचं, हंडा घिऊन चढायचं, तर दिवस तितंच जाईल.”

माझ्या पुस्तिकेत ‘विहिरीत पाणी कुठून येते’ हा बासष्टावा प्रश्न होता, आणि उत्तरात ‘सच्छिद्र खडक’ हे शब्द होते. सत्तेचाळीस आणि बासष्ट मी कधी एकत्र वाचले नव्हते. पाऊस पडणं निराळं आणि पाणी राहणं निराळं. कॉलेजात शिकलेली ही गोष्ट मला एका बाईच्या हनुवटीने शिकवली, ती माझं पुस्तक पाठ केलेल्या मुलीची आई होती, आणि तिला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

मी त्याच दिवशी वर्गात सांगितलं की ते उत्तर चुकीचं आहे. आपल्याकडे पाणी नसतं, आणि ते का नसतं हे फळ्यावर डोंगर काढून समजावलं. पोरं ऐकत होती. मग मावशीच्या मुलीने हात वर केला.

“बाई, पण पेपरात काय लिहायचं?”

पेपर तालुक्याचा येतो, उत्तरपत्रिका बाहेर तपासायला जातात. तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं. खरं लिहिलं तर दोन गुण जातात. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, आणि मी म्हटलं, “पेपरात पुस्तकातलंच लिहा.”

पोरांनी माना डोलावल्या. त्यांना ते लगेच पटलं. मलाही वाटलं, बरं निभावलं.

वाडीने टँकरसाठी अर्ज केला होता. मावशी त्या अर्जावर डोळे लावून बसली होती. तिने मला सरळ सांगितलं होतं, “बाई, टँकर नाय आला तर पोरीला घरी ठिवावी लागंल. मी खिचडी शिजवू का पानी भरू? दोन हंडे घरला, दोन शाळंला. येकटीनं व्हत नाय.” मुलीची सातवीची वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा वर्गात येत नाही, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत होतं. म्हणजे टँकर आला तर ती शाळेत, नाही आला तर झिऱ्यावर, इतका सरळ हिशेब होता.

पाहणीला कचेरीतले एक साहेब आले. जीपने येता येईल तिथवर आले, मग पायवाट चढून घामाघूम होऊन शाळेतच टेकले, कारण वाडीत खुर्ची तेवढीच. विहीर त्यांनी वाटेत वाकून बघितली होती. “तळाला पाणी आहे,” असं म्हणाले. झिऱ्यावर चला म्हटलं तर म्हणाले, “बघू, ऊन उतरू द्या.” मावशीने तांब्याभर पाणी आणून दिलं, ते त्यांनी एका दमात प्यायलं. मग समोर मुलं दिसली, तेव्हा खुर्चीत बसलेल्या सगळ्या साहेबांना होतं तेच त्यांनाही झालं. त्यांना प्रश्न विचारावासा वाटला.

“काय मुलांनो, तुमच्या भागात पाणीटंचाई आहे का?”

आणि अख्खा वर्ग उभा राहून, एका सुरात, हेल काढून म्हणाला, “नाही सर! पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाणीटंचाई जाणवत नाही, कारण तेथे भरपूर पाऊस पडतो!”

मावशीच्या मुलीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्या उत्तराला तिला शाबासकी मिळाली होती ना.

मी पुढे झाले. “साहेब, हे पुस्तकातलं उत्तर—”

त्यांनी पंजा वर केला. “मॅडम, मुलांना बोलू द्या. मुलं खोटं बोलत नाहीत.” आणि हसत हसत डायरीत लिहून घेतलं.

सांगा, या माणसाला काय म्हणायचं? पोटात आमच्याच झिऱ्याचं पाणी, आणि हातात डायरी! ऊन उतरलंच नाही त्या दिवशी त्यांच्यासाठी. ते निघून गेले. मावशी खिचडीच्या पातेल्याशी पळी हातात धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पोरीजवळ आली आणि म्हणाली, “तुज्या डोक्यावरचा हंडा कुटं गेला गं?” बस्स, एवढंच. पोरीला आपलं काय चुकलं तेच कळेना. ती माझ्याकडे बघत राहिली. बाईंनीच तर सांगितलं होतं, पेपरात पुस्तकातलंच लिहायचं, आणि साहेबांचा प्रश्न तर पेपरातलाच होता.

अर्ज नाकारल्याचा कागद आला. त्यात कारणांमध्ये मुलांना विचारल्याचाही उल्लेख होता. दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या मुलीची जागा रिकामी.

मग मी पेटले. आधी प्रकाशकाला फोन केला. सत्तेचाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर बदला, म्हटलं. ते म्हणाले, “मॅडम, पेपर तपासताना हेच उत्तर ग्राह्य धरतात. आपण बदललं तर मुलांचं नुकसान.” मी म्हटलं, हेच उत्तर ग्राह्य का धरतात? ते म्हणाले, “पुस्तकात आहे म्हणून.” कुठल्या पुस्तकात? “आपल्याच की!” आणि ते मनापासून हसले. फोन ठेवल्यावर मी घरातल्या घरात इतक्या मोठ्याने बोलत होते की वडील बाहेरच्या खोलीतून उठून आले. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी फळीवरची खाकी कव्हरातली प्रत काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “हिच्यावर नाव तुझं आहे. त्या लोकांना सांगितलंस का?”

सांगितलं नव्हतं. तेवढी हिंमत नव्हती माझी.

दुसऱ्या दिवशी मावशीला चुलीपाशी गाठून पुस्तिका उघडून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. मी माझ्या नावावर बोट ठेवलं आणि सांगितलं की हे वाक्य मी लिहिलंय, कुणी दुसऱ्याने नाही. मला वाटलं ती रडेल, भांडेल. मला ते हवंही होतं. तिने त्या बारीक अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“कवा लिव्हलं?” तिने विचारलं.

“इथे यायच्या आधी.”

“आमाला इचारलं नाय कुनी,” ती म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं. “मंग आता खोडा की. तुमीच लिव्हलं, तुमीच खोडा.”

कचेरीत मी तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा साहेब भेटले नाहीत. तिसऱ्यांदा भेटले. मी लेखी अर्ज दिला : अमुक पुस्तिकेतल्या अमुक उत्तराची लेखिका मी आहे, ते उत्तर चुकीचं आहे, मुलांनी ते पाठ केलेलं असल्यामुळे म्हटलं, तरी पुन्हा पाहणी व्हावी. सोबत खाकी कव्हरातली प्रत जोडली. साहेबांनी पुस्तिका उलटसुलट केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अहो, हे तर आमच्या घरात आहे! माझी मुलगी यातूनच करते.” आणि त्यांनी पान न उघडता म्हणून दाखवलं, “पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाणीटंचाई जाणवत नाही. छान सोपं लिहिलंय हो तुम्ही.”

खरं सांगते, त्या कौतुकाने माझा राग क्षणभर ढिला पडला, पण क्षणभरच. मी म्हटलं, “साहेब, ते वाक्य खोटं आहे. तुमच्या मुलीलाही सांगा.” त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, “मॅडम, छापून आलेलं असं अर्जाने खोटं होत नाही.” मी म्हटलं, “मग झिऱ्यावर या. दुपारच्या उन्हात या. करवंटी मी देते.” हे मी फारच मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेजारच्या टेबलावरचे दोघे टाइप करायचे थांबले. पुस्तिका अर्जाखाली सारून साहेब म्हणाले, “येतो. गुरुवारी येतो.”

त्या दुसऱ्या पाहणीनंतर टँकर सुरू झाला आणि मावशीची मुलगी परीक्षेला बसली, हे आधीच सांगून टाकते. टँकर आला म्हणून कुणाचे आभार मानायची मला इच्छा नाही. पाणी मिळावं म्हणून सातवीतल्या पोरीला जे करावं लागलं, ते मला सांगायचं आहे.

गुरुवारी साहेब आले आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसले. पोरांनी घरी बोलणी खाल्ली होती. साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. कुणी उठेना. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, आणि मी ठरवलं होतं की या वेळी आपण एक अक्षर सांगायचं नाही. माझ्या सांगण्यानेच सगळं झालं होतं.

तेवढ्यात दारात मावशीची मुलगी आली. खिचडीचं पाणी घेऊन. वर्गात साहेब बसलेले बघून ती थबकली. हंडा उतरवला, चुंबळ हातात घेतली, आणि उशीर झाल्यावर उभी राहायची तशी त्याच जागी, त्याच उंबऱ्याशी उभी राहिली. कितीतरी दिवसांनी ती त्या जागी उभी होती.

“ही का बाहेर?” साहेब म्हणाले. “ये बाळ, तू सांग. तुमच्याकडे पाणीटंचाई आहे का?”

तिने साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बाई,” तिने मला विचारलं, “परीक्षेतलं सांगू, का घरचं?”

साहेबांना कळलं नाही. “म्हणजे?” म्हणाले. मला कळलं. एका प्रश्नाची दोन उत्तरं असतात, एक गुण मिळणारं आणि एक खरं, हे तिला कुणी शिकवलं? पाषाणाने शिकवलं नाही, पावसाने शिकवलं नाही. मी शिकवलं, दोन ओळींत. आणि पोर इतकी शहाणी, की अजूनही मलाच विचारत होती, कुठलं चालेल.

“घरचं,” मी म्हटलं. “घरचं सांग.”

ती सांगायला लागली. उजाडायच्या आधी निघतो. ओढ्यात झिरा आहे. करवंटीनं भरायचं. घाई केली की गढूळ होतं, मग थांबावं लागतं. साहेब ऐकत होते, मान हलवत होते, हात पोटावर बांधलेले. पेन खिशातच.

“साहेब,” मी म्हटलं, “लिहून घ्या.”

त्यांनी चमकून पेन काढलं आणि डायरी उघडली. आणि त्यांच्या समोर, ‘लिहून घ्या’ ऐकल्याबरोबर, सवयीने सगळ्या पोरांनी माना खाली घालून वह्या उघडल्या. वर्गात पानांचा आवाज झाला. दारातली पोर बोलायची थांबली. एवढी माणसं आपलं लिहून घेतायत हे तिने बघितलं, चुंबळ या हातातून त्या हातात घेतली, आणि जरा वेळ वाट पाहून, मी विचारते तसं, साहेबांना विचारलं, “झालं का लिहून? पुढचं सांगू?”